खडूच्या नळीतले रंग

एचआयव्हीचा संसर्ग आणि क्षय या दोन्हींवर एकाच वेळी उपचार घेणाऱ्या रुग्णाला डोलुटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची गोळी बहुधा दिवसातून एकदाऐवजी दोनदा दिली जाते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे शरीर डोलुटेग्राविरचा निचरा झपाट्याने करते आणि रक्तातले त्याचे प्रमाण घसरते. ही घसरण कळली ती रक्तद्रवातले औषध मोजता आल्यामुळे. या मोजणीचे मूळ सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या काचेच्या नळीत आहे.

मिखाईल त्स्वेत यांचा जन्म १८७२ साली इटलीतल्या आस्ती गावी झाला. वडील रशियन, आई इटालियन. जन्मानंतर थोड्याच काळात आई वारली. शिक्षण जिनिव्हात झाले. १८९६ मध्ये तिथली डॉक्टरेट घेऊन ते रशियात गेले, पण तिथे ती पदवी मान्य नव्हती. त्यामुळे पुन्हा पदव्या मिळवण्याची पाळी आली.

पानातले हरितद्रव्य हा त्यांचा ध्यास. वॉर्सात असताना त्यांनी काचेच्या उभ्या नळीत खडूची बारीक पूड ठासून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. मग द्रावक सोडला, तसे पिवळे आणि हिरवे पट्टे वेगवेगळे झाले. जो घटक खडूला घट्ट चिकटतो तो मागे राहतो, कमी चिकटतो तो पुढे सरकतो. १९०३ मध्ये त्यांनी हे काम व्याख्यानात मांडले आणि १९०६ मध्ये पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. योगायोग असा, की रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग.

रसायनशास्त्रज्ञांनी मात्र फारशी दखल घेतली नाही. हरितद्रव्यावरील संशोधनासाठी १९१५ चे नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड विल्स्टेटर यांनाही ही पद्धत भरवशाची वाटली नव्हती. त्याच वर्षी महायुद्धामुळे त्स्वेत यांना वॉर्सा सोडावे लागले. मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, तार्तू अशी फरफट होत ते व्होरोनेझला पोहोचले आणि १९१९ मध्ये, अवघ्या ४७ व्या वर्षी, तिथेच वारले.

१९३१ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी त्यांची नळी पुन्हा हाती घेतली आणि गाजरातली रंगद्रव्ये वेगळी केली. तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

आज नळी पोलादाची असते. खडूच्या जागी काही मायक्रोमीटरचे सिलिकाचे कण असतात आणि द्रावक पंपाच्या मोठ्या दाबाने ढकलला जातो. रक्तद्रवातली प्रथिने आधी साक्याच्या रूपात काढून टाकतात. उरलेल्या द्रावणातले औषध ठरावीक वेळेला नळीबाहेर येते. संवेदक त्याची नोंद करतो आणि माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून औषध किती ते ठरते. ते बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. रंग गेला, तरी चिकटण्याचा आणि सरकण्याचा नियम त्स्वेत यांचाच राहिला.