डासांच्या अभ्यासात कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव गोमंतकीयांना परिचित आहे ते इतिहासकार म्हणून. मूळचे मात्र ते गणिती, आणि जगभरच्या आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव घेतले जाते ते एका लहानशा सूत्रामुळे.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद साखवाळचे, पाली भाषेचे व्यासंगी पंडित. त्यांच्यासोबत दामोदर १९१८ साली अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस, अलीगढ आणि नंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, असा अध्यापनाचा प्रवास झाला. पुण्यात त्यांनी हजारो प्राचीन आहत नाणी तोलली. हाताळणीने नाणे झिजते, तेव्हा घटलेल्या वजनावरून त्याचे वय ताडता येईल, हा त्यामागचा विचार होता.

याच काळात, १९४४ साली, लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता : एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर कसे ठरवावे? पुढच्या पिढीत ती दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून वेगळी पडतात, हे मोजून अंदाज बांधता येतो. पण त्यांच्या दरम्यान दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र दिसतात आणि मोजणी फसते. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानलेली होती. प्रत्यक्षात एका अदलाबदलीच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही. अंतर वाढते तसा हा अडथळा विरळ होतो. कोसंबींनी हे वास्तव गणितात आणले. शंभरातील ३० अपत्यांत जनुके वेगळी पडली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३५. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. कागद आणि पेन्सिल एवढ्यावर झालेले हे काम आहे.

पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गेले. पुण्याहून मुंबईला ‘डेक्कन क्वीन’ने त्यांचे येणे-जाणे असे. १९६२ मध्ये तेथील नेमणूक संपली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

डास हा त्यांचा विषय कधीच नव्हता. तरी डासांच्या गुणसूत्रांचे नकाशे तयार करताना त्यांचेच सूत्र हाताशी येते. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची गोष्ट पाहावी. पावसाळ्यात गोव्याला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. केनियातील राबाई येथे त्याचे दोन प्रकार आढळतात : रानातला प्राण्यांच्या रक्तावर जगतो, घरातला माणसाकडे धाव घेतो. संशोधकांनी दोहोंचा संकर केला आणि त्यांच्या नातवंडांपैकी माणसाच्या वासाकडे जाणारे डास गिनीपिगच्या वासाकडे जाणाऱ्यांपासून वेगळे काढले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वास ओळखणारे ‘ओआर-४’ हे जनुक माणसाकडे वळणाऱ्या डासांत अधिक सक्रिय आढळले. माणसाच्या अंगगंधात विपुल असलेल्या सल्कॅटोन या द्रव्याला ते प्रतिसाद देते.