एर्लांग: रांगेचं गणित मांडणारा माणूस

आगनर एर्लांग यांचा जन्म १८७८चा, डेन्मार्कमधला. वडील शाळामास्तर. कोपनहेगनला गणित शिकून त्यांनी काही वर्षं शिकवलं आणि १९०८मध्ये तिथल्या टेलिफोन कंपनीत लागले. तेव्हा ऑपरेटर हाताने कॉल जोडायचे. लाइन्स कमी ठेवल्या तर लोक ताटकळणार, जास्त ठेवल्या तर पैसे वाया. पुढचा कॉल कधी येईल हे सांगता येत नाही. पण सरासरी ठाऊक असेल तर सगळ्या लाइन्स बिझी सापडण्याची शक्यता किती, हे काढता येतं. ते सूत्र त्यांनी १९१७मध्ये मांडलं. १९२९मध्ये, ५१व्या वर्षी ते गेले.

मला ते आठवतात लिनक्स कर्नलमुळे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे तोच. एर्लांग यांच्या गणितानुसार लाइन्स एकत्र ठेवल्या तर कमी कॉल अडतात, गटांत तोडल्या तर जास्त. तरी कर्नल पॅकेट्स वेगवेगळ्या कोअर्सच्या रांगांत वाटतो आणि एका कनेक्शनचे पॅकेट्स सहसा एकाच कोअरकडे पाठवतो. का? दोन कॉल्सचा एकमेकांशी संबंध नसतो, पॅकेट्सचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. म्हणून कधीकधी एक कोअर घामाघूम आणि शेजारचा निवांत!

ही किंमत आकड्यांत मोजायची वाट एर्लांग यांनी दाखवली. टेलिफोनची वाहतूक मोजायच्या एककाला आज त्यांचंच नाव आहे.