घोडा, पत्ते आणि कोसंबींचे गणित

पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे धावू लागले, की कोणता घोडा येणार याची आकडेमोड सुरू होते. मागच्या शर्यतींतले क्रमांक, पाठीवरचे वजन, अंतर, जॉकी अशा नोंदींवरून प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याची शक्यता टक्क्यांत मांडता येते. पण हिशेब अचूक असला, तरी ६० टक्के शक्यतेचा घोडा अशा दहा शर्यतींपैकी सरासरी चार हरतोच. शक्यता आणि खात्री यांतले हे अंतर दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याइतके थोड्यांनाच ठाऊक होते. तरीही एकदा ते त्यांनाच नडले.

सोमेश्वरनगरच्या वरच्या अंगाला, नीरेच्या खोऱ्यातल्या वीरच्या म्हस्कोबावर आणि धनगरांच्या वाटांवर लिहिणारे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पेशाने मात्र ते गणिती. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवल्यावर १९३३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. घर पुण्यातच, मुंबईला ये-जा डेक्कन क्वीनने.

संख्याशास्त्र त्यांनी हाताने केले. नाणे हातोहात फिरले की झिजते. त्यामुळे चलनात जास्त काळ राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतला फरक वाढतो. या नियमाने त्यांनी प्राचीन नाण्यांचा कालक्रम लावला. नियम पडताळायला त्यांनी आपल्या काळातली नाणीही तोलली. भारतातल्या जन्म आणि मृत्यूंचे प्रमाण ऋतूनुसार कसे बदलते, यावर १९५० च्या दशकात त्यांचे शोधनिबंध आले. पत्ते पिसल्याने ते खरोखर किती मिसळतात, हेही त्यांनी एका सहकाऱ्यासोबत तपासले आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध केले.

सर्वांत टिकाऊ ठरले ते १९४४ चे सूत्र. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके जितकी दूर, तितकी ती पुढच्या पिढीत वेगळी होण्याची शक्यता जास्त. मात्र एका ठिकाणी अदलाबदल झाली, की तिच्या शेजारी दुसरी होणे अवघड जाते. हा अडथळा हिशेबात धरून जनुकांमधले अंतर काढण्याची रीत कोसंबींनी दिली. पिकांच्या आणि जनावरांच्या जनुक-नकाशांत ते सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरतात.

मग १९५९ आले. मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत, याविषयीच्या रीमानच्या प्रसिद्ध अनुमानाकडे त्यांनी संभाव्यतेच्या वाटेने जाऊन ते सिद्ध झाल्याचा दावा केला. निबंध छापला तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. जाणकारांना तो पटला नाही. यदृच्छेने निवडलेल्या जवळजवळ सर्व नमुन्यांना जे लागू पडते, ते मूळ संख्यांच्या एकमेव यादीलाही लागू पडेल, याची हमी नसते. घोड्याचेही तसेच: शंभर शर्यतींचा हिशेब आजच्या एका शर्यतीचा निकाल सांगत नाही.

या दाव्याने त्यांच्या गणितातल्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. अणुऊर्जेबद्दलचे मतभेदही होतेच. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. त्याच वर्षी त्यांचे 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' प्रसिद्ध झाले. वीरच्या म्हस्कोबाची माहिती त्यातलीच. २९ जून १९६६ रोजी पुण्यात हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ५८.

रीमानचे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. कोसंबींचा तो दावा मागे पडला. जनुकांचे सूत्र मात्र रोज कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत चालते आहे. ते सूत्र शक्यतेला शक्यता म्हणूनच मोजते, खात्री म्हणून नाही.