मातीचा नकाशा

अठराव्या शतकातील युरोपात शाळा म्हटली म्हणजे लहान मुलांच्या उरात धडकी भरे. कोंदट खोलीत मुले दाटीवाटीने बसत आणि गुरुजी सांगतील ते मोठमोठ्याने घोकत. भूगोल म्हणजे नद्या, पर्वत आणि शहरे यांच्या नावांची लांबलचक यादी. अनेक नद्यांची नावे मुखोद्गत असलेल्या मुलाला आपल्या गावचा ओढा कोठून येतो, हे मात्र ठाऊक नसे. ही रीत पालटावी म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत योहान हाइनरिख पेस्टालोत्सी यांचे नाव अग्रगण्य आहे.

पेस्टालोत्सी यांचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी झाला. त्यांचे वडील शस्त्रवैद्य होते. हाइनरिख अवघा पाच वर्षांचा असताना पितृछत्र हरपले. घरात बाबेली नावाची एक मोलकरीण होती. या कुटुंबाला अंतर न देण्याचे वचन तिने मालकाला मरतेसमयी दिले होते. ते तिने शेवटपर्यंत पाळले. आई आणि बाबेली यांनी काटकसरीने संसार चालवून मुलांना वाढवले. आजोबा जवळच्या खेड्यात धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर गोरगरिबांच्या घरी जाताना हाइनरिखने दारिद्र्य जवळून पाहिले. या माणसांसाठी काहीतरी केले पाहिजे, हा विचार त्याच्या मनात तेव्हाच रुजला.

मोठेपणी त्यांनी शेती केली, पण ती बुडाली. त्याच जागी, नॉयहोफ येथे, १७७४ मध्ये त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुलांनी सूत कातावे, विणावे आणि काम करता करता शिकावे, अशी त्यांची योजना होती. तीही १७८० मध्ये पैशाअभावी बंद पडली. पत्नीची पुंजी संपली, लोक हसू लागले; परंतु त्यांचा ध्यास सुटला नाही. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने स्टान्स आणि भोवतालचा मुलूख उद्ध्वस्त केला, तेव्हा तेथील अनाथ मुलांचा सांभाळ करण्यास पेस्टालोत्सी पुढे झाले. सुमारे ८० मुलांमध्ये ते रात्रंदिवस राहिले. त्यांना ते जेवू घालीत, त्यांची शुश्रूषा करीत आणि त्यांना शिकवीत. काही महिन्यांतच ती इमारत सैनिकांच्या इस्पितळासाठी घेण्यात आली आणि हेही काम थांबले.

त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. या वयात ते बुर्गडोर्फ गावी गरिबांच्या शाळेत साधे शिक्षक म्हणून गेले. तेथील मुख्य शिक्षक व्यवसायाने चांभार होता. या नव्या माणसाची पद्धत त्याला रुचली नाही आणि पालकांनीही तक्रार केली. पेस्टालोत्सींना दुसऱ्या शाळेत जावे लागले. तेथे मात्र त्यांच्या शिकवण्याचे चीज झाले. मुलाने आधी वस्तू पाहावी, मग तिच्याविषयी बोलावे आणि त्यानंतर तिचे नाव व नियम शिकावा, हे त्यांचे सूत्र होते. भिंतीवरच्या फाटक्या कागदाचे भोक दाखवूनही ते मुलांना निरीक्षण करायला आणि नीटस वाक्यांत बोलायला शिकवीत.

१८०५ पासून त्यांची शाळा इव्हर्डन येथील जुन्या किल्ल्यात भरू लागली. हे गाव स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात एका विस्तीर्ण सरोवराच्या टोकाशी वसले आहे. येथील भूगोलाचे धडे वर्गात सुरू होत नसत. गावाजवळ ब्युराँ नावाची छोटी नदी एका अरुंद खोऱ्यातून वाहते. शिक्षक मुलांना तेथे नेत. हाती पुस्तक नाही की नकाशा नाही! प्रथम सारे खोरे नजरेखाली घालायचे, मग त्याचा एकेक भाग बारकाईने न्याहाळायचा. खोऱ्याच्या एका बाजूस चिकणमातीचे थर होते. तेथली माती मुले बरोबर आणलेल्या टोपल्यांत भरून घेत.

किल्ल्यात परतल्यावर मुले लांबच लांब मेजांभोवती बसत. प्रत्येकाच्या वाट्याला खोऱ्याचा एकेक भाग येई. नुकतेच पाहिलेले चढउतार मुले ओल्या मातीतून घडवू लागत. पुढच्या दिवसांत पुन्हा फेरी निघे, या खेपेस आणखी उंच जागेवर. तेथून नवा मुलूख दिसे आणि मेजावरील खोऱ्यात त्याची भर पडे. असे करता करता संपूर्ण खोरे तयार झाले म्हणजेच मुलांपुढे नकाशा येई. आता त्यावरील रेषा मुक्या राहत नसत. ज्याने स्वतःच्या बोटांनी उतार घडवला आहे, त्याला पाणी कोणीकडे धावेल, हे पाठ करावे लागत नाही. आधी पाय, मग डोळे, मग हात आणि सर्वांत शेवटी नकाशा, असा हा क्रम होता.

ही शाळा पाहण्यास दूरदूरचे विद्वान येत. १८०७ मध्ये कार्ल रिटर हा तरुण जर्मन अभ्यासक तेथे आला. पुढे तो बर्लिन येथे भूगोलाचा प्राध्यापक झाला आणि आधुनिक भूगोलाच्या संस्थापकांत गणला गेला. पेस्टालोत्सींना भूगोलाची माहिती बेताचीच होती, तरी भूगोलाकडे पाहण्याची दृष्टी आपणास त्यांच्यापासून लाभली, हे त्याने कृतज्ञतेने मान्य केले. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल हेही १८०८ ते १८१० या काळात इव्हर्डनला राहून गेले.

उत्तरायुष्यात पेस्टालोत्सींच्या नशिबी पुन्हा निराशा आली. सहकाऱ्यांत कलह माजले आणि १८२५ मध्ये शाळा बंद पडली. ते नॉयहोफला परतले आणि १७ फेब्रुवारी १८२७ रोजी निवर्तले. त्यांनी काढलेली एकही संस्था त्यांच्या डोळ्यांदेखत टिकली नाही. पण त्यांचा विचार टिकला. आजही एखाद्या शाळेत मुले मातीचे डोंगर रचतात आणि त्यांमधून नदीची वाट कोरतात, तेव्हा ब्युराँच्या खोऱ्यातून मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या त्या मुलांचाच धडा ती पुढे नेत असतात.