इब्राहिमखान गारदी

अठराव्या शतकात फ्रेंचांनी दक्षिणेत कवायती फौजेचे व तोफखान्याचे नवे तंत्र आणले. कवायत शिकलेल्या बंदूकधारी पायदळास गारदी म्हणत. इब्राहिमखान हा अशाच पायदळाचा नायक होय. फ्रेंच सेनापती बुसी याच्या हाताखाली तो तयार झाला. पुढे काही काळ निजामअलीची चाकरी करून तो सदाशिवरावभाऊंच्या पदरी आला.

गोलंदाजीस बळाइतकेच गणितही लागते. तोफेतून सुटलेला गोळा पुढे धावतो आणि त्याच वेळी पृथ्वीच्या आकर्षणाने खाली ओढला जातो. त्यामुळे त्याचा मार्ग वक्र होतो. हवेचा अडथळा जमेस धरला नाही, तर हा मार्ग अन्वस्त नावाच्या वक्ररेषेचा असतो, असे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्ध केले. तोफेचे तोंड ४५ अंश उचलले असता पल्ला सर्वांत लांब पडतो. शत्रू जवळ आला की मात्र तोंड खाली करावे लागते. आजच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या मुळाशीही हेच गणित आहे. त्यात पृथ्वीची गोलाई व तिचे भ्रमण यांचा हिशेब अधिक धरतात.

१७६० च्या आरंभी निजामाची फौज उदगीरहून धारूरकडे सरकू पाहत होती. मराठ्यांनी तिला वाटेतच गाठले. इब्राहिमखानाच्या तोफांनी ती जर्जर झाली आणि निजामाने सुमारे साठ लक्षांचा मुलूख देऊन तह केला.

त्यानंतर भाऊंबरोबर इब्राहिमखान उत्तरेस गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो मराठी फौजेच्या डाव्या बगलेस उभा होता. मराठ्यांच्या तोफा मोठ्या, पण अवजड होत्या. त्यांची तोंडे चटकन वरखाली करता येत नसत. फौजा जवळ येऊ लागताच गोळे शत्रूच्या डोक्यांवरून जाऊन दूर मागे पडू लागले. गणित खरे होते, परंतु तोफेस त्याप्रमाणे वळविणे हाती राहिले नव्हते. तेव्हा तोफांवर विसंबून न राहता इब्राहिमखानाने संगिनी रोखून रोहिल्यांवर चाल केली. हजारो रोहिले पडले. त्याच्या पलटणीही जवळजवळ संपल्या.

दिवस मावळण्यापूर्वी मराठ्यांचा पराभव झाला. जखमी इब्राहिमखान शत्रूच्या हाती सापडला. शुजाउद्दौल्याच्या छावणीत त्याला आसरा मिळाला होता. परंतु अब्दालीने त्याला मागून घेतले आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. समोरचे सैन्य त्याच्याच धर्माचे होते. तरी ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांची बाजू त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.