संत बहिणाबाईंचें बाळपण

संतांचीं चरित्रें सांगतांना आपण चमत्कारापाशीं रेंगाळतों, आणि संत ज्या घरांत वाढले त्या घराकडे पाहायचें राहूनच जातें. शिऊरच्या बहिणाबाईंनीं मात्र आपली हकीकत स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे, म्हणून त्यांचें घर आपल्याला दिसतें.

वेरुळाकडच्या देवगांवीं आऊजी कुलकर्णी व जानकीबाई यांच्या पोटीं शके १५५०, म्हणजे इ. स. १६२८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. अगदीं अजाण वयांत लग्न लागलें. नवरा शिऊरच्या पाठक घराण्यांतला, तिशीचा, बिजवर, वेदपाठी ब्राह्मण. पुढें घरांत भाऊबंदकी उठली, कर्ज झालें, आणि आईबाप, मुलें, जांवई अशीं सारीं गांव सोडून निघालीं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करीत कोल्हापुरास आलीं. ज्या वयांत मुलीनें भातुकली मांडायची त्या वयांत हिला सवंगडी नाहीं, अंगण नाहीं. मग कुठें हरिकथा चालली असेल तिथें ही जाऊन बसे. घर तुटलें म्हणून कथेनें तिला पोटाशीं धरलें म्हणा ना!

कोल्हापुरांत बहिरंभटांकडे बिऱ्हाड होतें. त्यांनीं एक सवत्स गाय दिली. बहिणाबाई तेव्हां अकराच्या सुमाराच्या. वासराचा असा लळा लागला कीं तें कीर्तनालाही मागोमाग येई. जयरामस्वामींच्या कीर्तनांत दाटी झाली तेव्हां कोणी वासराला बाहेर काढलें. स्वामींनीं तें परत आणवलें आणि दोघांच्याही मस्तकीं हात ठेवला. गांवांत बोलवा झाली. नवऱ्याच्या कानीं पडलें, आणि त्यानें पोरीला बेदम मारलें. आईबाप समोर होते, पण जांवयापुढें त्यांचें कांहीं चालेना! पुढें तें वासरूंही गेलें. त्या दुःखांत पडली असतांना तिला स्वप्नांत तुकोबांनीं दर्शन दिलें, मंत्र दिला.

तेव्हां तर घरांत आगच लागली. वेदशास्त्र शिकलेल्याच्या बायकोनें शूद्राला गुरु मानावें हें त्याला सोसेना. मंडळी, त्या ब्राह्मणाला हंसूं नका. आम्हीही पाठशाळेंत रूपें-सूत्रें घोकलीं. विद्येबरोबर ताठा कसा नकळत अंगीं येतो तें आम्ही जाणतों. तो गरोदर बायकोला टाकून जायला निघाला, आणि नेमका तेव्हांच आजारानें अंथरुणाला खिळला. तिनें रात्रंदिवस उशापाशीं बसून सेवा केली. गुरूही सोडला नाहीं, नवराही सोडला नाहीं. अखेर त्याचें मन पालटलें, आणि तोच तिला घेऊन देहूस तुकोबांच्या पायांपाशीं आला. तिथें मंबाजीचा जाच झाला, पण आतां सारें घर एका बाजूस होतें. देहूसच तिला काशी ही मुलगी झाली. पुढें विठ्ठल हा मुलगा.

त्या मारानें पोर मुकी व्हायची, ती कवयित्री झाली. ब्राह्मण कोणाला म्हणावें याचा विचार करणारी वज्रसूची तिनें मराठींत आणली. घरांत ज्या प्रश्नावरून मार खाल्ला, त्याच प्रश्नाचें उत्तर तिनें लिहिलें! पतिव्रताधर्मावरही तिचे अभंग आहेत. घरानें दिलेलें दुःख आणि घराचीच माया, दोन्ही तिच्या वाणींत उतरलीं. इ. स. १७०० मध्यें शिऊरास देह ठेवला.

मायबापहो, मार खाल्ल्यानें संत होतात असा अर्थ मात्र काढूं नका. तो मार पापच. तिला तारलें तें कथेनें, वासरानें आणि एका साधूच्या हातानें. आपल्या घरांत दहा-पंधरा वर्षांची लेक असेल. दिंडीला निघतांना तिला घरकामाला मागें ठेवूं नका, बरोबर घ्या. कीर्तनांत पुढें बसवा. घरीं ती कांहीं बोलूं लागली तर तिचें ऐका. बहिणाबाई पुन्हां कोणाच्या घरीं येईल हें कोणीं सांगावें?

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!