जीर्णोद्धाराला विरोध करणारे कलावंत : विल्यम मॉरिस

ऑक्सफर्डशायरमध्ये थेम्सच्या काठी केल्म्स्कॉट हे चिमुकले खेडे आहे. करड्या दगडाची घरे आणि त्यांवरची उतरती दगडी छपरे हे त्याचे वैभव. येथील चर्चच्या आवारात, मित्र फिलिप वेब यांनी रेखाटलेल्या साध्या समाधीखाली, विल्यम मॉरिस चिरविश्रांती घेत आहेत.

मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी वॉल्थमस्टो येथे एका सधन कुटुंबात झाला. ऑक्सफर्डला शिकत असतानाच त्यांनी धर्मोपदेशक होण्याचा बेत सोडला आणि १८५६ मध्ये वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांच्या कचेरीत उमेदवारी पत्करली. ती वर्षभरही टिकली नाही. पण वेब यांच्याशी जन्माचे सख्य तेथेच जडले. १८६१ मध्ये मित्रांसह काढलेला त्यांचा व्यवसाय चर्चच्या रंगीत काचचित्रांमुळे नावारूपाला आला. १८७१ मध्ये त्यांनी चित्रकार रोझेटी यांच्यासह केल्म्स्कॉटचा जुना वाडा भाड्याने घेतला.

त्या काळी इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट आली होती. कोणते तरी एक शतक आदर्श मानायचे, त्यानंतरची भर काढून टाकायची, भिंतींचा गिलावा खरवडायचा आणि नवे काम जुन्यासारखे घडवायचे, अशी ती रीत. मॉरिस यांच्या लेखी हा इतिहासाचा बनाव होता. १८७६ मध्ये बर्फर्डच्या चर्चमधील काम पाहून ते व्यथित झाले. ट्यूक्सबरीच्या प्राचीन चर्चवरही तीच वेळ येणार असे कळताच, मार्च १८७७ मध्ये त्यांनी ‘अथेनियम’ नियतकालिकाला पत्र धाडले. त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन झाली आणि मॉरिस तिचे चिटणीस झाले.

या निष्ठेची किंमत त्यांनी स्वतः मोजली. जीर्णोद्धार होत असलेल्या प्राचीन चर्चना नवी काचचित्रे न पुरवण्याचे ठरवून त्यांनी हक्काच्या उत्पन्नावर पाणी सोडले. वास्तूची रोजची निगा राखावी, गळके छप्पर वेळीच दुरुस्त करावे, कलती भिंत टेकू देऊन सावरावी, आणि नवी डागडुजी नवी म्हणूनच दिसावी, हा त्यांचा आग्रह होता. केल्म्स्कॉटजवळच्या इंगलशम येथील लहानशा चर्चची दुरुस्ती १८८० च्या दशकाअखेर त्यांच्या पुढाकाराने याच रीतीने झाली. तेथील जुनी बंदिस्त लाकडी आसने आणि फिकट भित्तिचित्रे आजही जागेवर आहेत.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी मॉरिस निवर्तले. भर पावसात, डहाळ्यांनी सजवलेल्या शेतगाडीतून त्यांना केल्म्स्कॉटला नेण्यात आले.

१८८२ चा पहिला संरक्षण कायदा मुख्यतः प्रागैतिहासिक अवशेषांपुरता होता. अवघ्या गावाचे रूप जपणारी संरक्षित क्षेत्रांची तरतूद १९६७ मध्ये आली. आज केल्म्स्कॉटही असे क्षेत्र आहे. मॉरिस यांची संस्था अद्याप कार्यरत असून, डागडुजी आधी आणि बदल नंतर, हा त्यांचा विचार ब्रिटनमधील वारसा-जतनाचा पाया ठरला आहे.